तिच्या वतीने

बर्फावरच्या हॉकीचा सकाळचा सराव संपला होता आणि ती रिंकबाहेरच्या लांबट खोलीत बाकावर बसून पायांवरच्या जाड पॅडचे पट्टे सोडत होती, तेव्हा बाई तिच्या शेजारी येऊन बसल्या. गोलकीपर मुलींना शिकवणाऱ्या या बाई एरवी कुणाच्या शेजारी बसत नसत. बोलत ते उभ्याने, तेही थोडकं, आणि बोलून झालं की शिट्टी दातांत धरून पुढे जात. नाकाचं हाड कधीकाळी मोडून वाकडंच बसलेलं, त्यामुळे त्यांचा चेहरा नेहमी जरा दुसरीकडे वळल्यासारखा दिसे. आज मात्र त्यांनी तळहात तिच्या पॅडवर ठेवला, आणि दोघींनाही परक्या असलेल्या त्या मधल्या भाषेत, शब्द निवडून निवडून म्हणाल्या, "घर सोडवत नाही म्हणालीस, त्यात लाज वाटून घेण्यासारखं काही नाही. तुझ्या वयाची असताना मला हे बोलायचा धीर झाला नव्हता." मग पॅडवर थोपटून त्या उठल्या आणि गेल्या.

तिने मान हलवली होती. मोठं माणूस मायेने बोललं की मान हलवायची, ही लहानपणापासूनची सवय. दार लागलं, बर्फावरची गार हवा एकदा आत येऊन गेली, आणि मग तिच्या लक्षात आलं की आपण कशाला हो म्हटलं तेच आपल्याला माहीत नाही. घर सोडवत नाही असं ती कुणाला म्हणाली होती? तिला कुणी विचारलंच नव्हतं. परदेशातलं उन्हाळ्याचं हे शिबिर संपत आलं होतं, आणि संपताना दोघींना इथेच ठेवून घेणार, एक पुढे खेळणारी आणि एक गोलकीपर, वर्षभर इथलंच बर्फ, इथलीच शाळा, इथलीच वसतिगृहाची खोली, हे सगळ्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. जेवणाच्या टेबलावर त्याखेरीज दुसरा विषय नसे. गोलकीपर म्हणून तिचंच नाव होणार असं मुली म्हणत, तिच्यासमोर म्हणत, आणि ती 'काहीतरीच काय' म्हणत ताटात बघे. काल संध्याकाळी नावं सांगितली तेव्हा तिचं नव्हतं. लांब वेणीच्या एका मुलीचं होतं, जिला सगळ्या वेणीवालीच म्हणत. क्षणभर सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं, मग वेणीवालीकडे. तिने सगळ्यांच्या आधी टाळ्या वाजवल्या. नंतर जिन्याखाली जाऊन तिने घरी फोन केला होता आणि बाबाला सांगितलं होतं की मला नाही घेतलं. बाबा जरा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "अगं ठकी, त्यांची माणसं आधीच ठरलेली असतात. तू मनाला लावून घेऊ नकोस." तो तिला ठकीच म्हणायचा, लाकडाच्या बाहुलीला म्हणतात तसं. त्या आवाजाने तिला इतकं बरं वाटलं होतं की ती रडून मोकळी झाली आणि रात्री गाढ झोपली.

पट्टा हातात तसाच राहिला. तिच्याऐवजी कोण बोलू शकलं असतं याचं उत्तर तिला आधी आलं आणि प्रश्न मागाहून पडला. मग तिने एका पॅडचे पट्टे सोडले, दुसऱ्याचे सोडले, स्केट पुसून म्यानात घातले, सगळं रोजच्यासारखं, आणि पाहिलं तर स्वतःच्या मोज्यांकडे बघत बसलेली. गुडघ्याखाली घाम गार होत चालला होता.

वसतिगृहाकडे जाताना लांबडी बरोबर होती. लांबडी तिच्याच गावची, तिच्याच संघातली, खोलीही दोघींची एकच. रिंकच्या दारातून बाहेर पडलं की ऊन अंगावर कोसळायचं. हाडांत बर्फाचा गारठा आणि कातडीवर ऊन, दोन्ही एकदम, आणि मध्ये कुठेतरी आपण, असं तिला रोज वाटे आणि रोज मजा वाटे. आज त्याची शिसारी आल्यासारखं झालं. दुकानाच्या पायऱ्या धुणाऱ्या माणसाने त्या जाईपर्यंत पाणी थांबवलं. वाचता न येणाऱ्या अक्षरांच्या पाट्या. लांबडी कुठल्यातरी मुलीच्या तुटलेल्या स्टिकबद्दल सांगत होती. मध्येच तिने विचारलं, "तुझं काय बिनसलंय?" ती म्हणाली, भूक लागलीय. खोटं किती सहज बोलता येतं, हे तिला तेव्हा जाणवलं. नुसतं आतलं दार लावून घ्यायचं आणि बाहेरून बोलत राहायचं. काल फोनवर बाबानेही एवढंच केलं असणार.

पण बाबा आणि खोटं, हे तिला एका वाक्यात बसवता येईना. बाबाचं चष्म्यांचं दुकान होतं. अंधाऱ्या खोलीत गिऱ्हाइकाला बसवून तो डोळ्यांपुढे भिंगं बदलायचा आणि विचारायचा, हे बरं की आधीचं? आता? हे बरं की ते? गिऱ्हाईक कंटाळून सारखंच दिसतंय म्हणालं तरी तो पुन्हा विचारायचा, घाई करू नका, नीट बघून सांगा. घरीही तसंच. भाजीत मीठ बरं की कमी, पंखा असा बरा की तसा, आणि आई म्हणायची, अहो, आम्ही काय तुमचे पेशंट आहोत का? लहानपणी ती त्या मोठ्या खुर्चीत बसून खोटंच 'हे बरं', 'ते बरं' म्हणत बसायची आणि तो तितक्याच गांभीर्याने भिंगं बदलत राहायचा. कुणाच्या तरी डोळ्यांनी जग बघायचं असेल तर त्यालाच विचारावं लागतं, आपण बाहेरून कितीही पाहिलं तरी कळत नाही, असं तो म्हणे. मग एवढी एकच गोष्ट त्याने न विचारता कशी ठरवली? की त्याला वाटलं, या पोरीला विचारायची गरज नाही, हिच्या डोळ्यांत तर मीच बसलोय?

खेळही त्याचाच होता खरं तर. म्हणजे खेळायची ती, पण घरात तो त्याने आणला. गावाबाहेर शीतगृहाच्या मागे एका हौशी माणसाने लहानसं रिंक बांधलं होतं, तिथे तो तिला घसरायला घेऊन गेला. ती पडली, उठली, पुन्हा पडली, आणि घरी जायचं नाही म्हणून बसली. गोलकीपर ती झाली कारण ते जड पॅड कुणालाच नको होते. त्या दिवसापासून बाबा गोलकीपरांबद्दल मिळेल ते वाचू लागला. पहाटे उठवून गाडीने रिंकवर न्यायला तो. थर्मासमध्ये दूध भरायला तो. पॅडचे पट्टे आवळायला गुडघ्यावर बसायचा तोही तोच, आणि प्रत्येक पट्ट्यात अंगठा घालून बघायचा, फार घट्ट नाही ना, ढिला नाही ना. संध्याकाळी जेवण झालं की बोळासारख्या त्यांच्या व्हरांड्यात तो मोज्यांचे बोळे करून तिच्यावर फेकायचा आणि ती अडवायची. आईचा दिवा त्यात दोनदा फुटला. आई या सगळ्याच्या विरुद्ध होती. पोरीचे दात जातील, नाक मोडेल, मग बसा दोघं. एकदाच ती सामना बघायला आली आणि सगळा वेळ डोळ्यांवर हात ठेवून बसली. म्हणजे घरात दोन बाजू होत्या आणि कोण कुणीकडे हे इतकं पक्कं होतं की त्यावर विचार करायची वेळच आली नव्हती. बाबा तिच्या बाजूला. आई पलीकडे. रबराची ती काळी चकती अंगावर येताना जाळी मागे आहे की नाही हे गोलकीपर वळून बघत नाही. ती असतेच.

दुपारी तिने जेवण चिवडलं. समोर वेणीवाली बसली होती आणि तिची नजर टाळत होती, आपण हिचं काही घेतलंय असं वाटून. तिला वाटलं, हिला सांगावं की तू नाही घेतलंस. पण ते सांगायला लागलं असतं तर बाकीचंही सांगावं लागलं असतं, आणि ते अजून तिनेच स्वतःला पुरतं सांगितलेलं नव्हतं. ती मनातल्या मनात बाबाची वकिली करत होती. बाईंचा घोटाळा झाला असेल. भाषेचा असेल. बाबा म्हणाला असेल, ती हळवी आहे, जपा. बाईंनी ऐकलं असेल, ती येणार नाही. असं होतं की. दोन माणसं परक्या भाषेत बोलली की मधल्यामध्ये एखादा शब्द पडून जातो. जिना चढताना ही गोष्ट तिला पटली. खोलीत जाऊन पलंगावर पडली तेव्हा पटेनाशी झाली. कारण काल तो गप्प राहिला होता तो जरा वेळ. बाबा कधी गप्प राहत नसे. वाईट बातमी ऐकल्यावरचं ते गप्प राहणं नव्हतं. बातमी आधीच माहीत असलेल्या माणसाचं होतं.

त्या दुपारच्या सरावात तिने जे केलं ते तिला पुढे कधी नीट आठवलं नाही. एवढं आठवलं की आवाज बंद झाले होते. मुली ओळीने येत होत्या, स्केटच्या पात्यांनी बर्फ कापलं जात होतं, चकत्या सुटत होत्या, आणि तिच्यापर्यंत फक्त काळा ठिपका येत होता, मोठा होत होता आणि तिच्या हातमोज्यात, पॅडवर, छातीवर थांबत होता. एकही आत गेली नाही. लांबडीने नेहमीची फसवी मारली, खांदा एकीकडे आणि चकती दुसरीकडे, तीही तिने स्केटच्या टोकाने दाबून ठेवली. तिला आनंद होत नव्हता. रागही येत नव्हता. आत सगळं धुऊन पुसून ठेवल्यासारखं होतं, आणि त्या मोकळ्या जागेत एकच वाक्य फिरत होतं, मी तसं म्हटलं नव्हतं. बाईंनी शिट्टी वाजवली तरी ती जागा सोडेना. मुली निघून गेल्या. बाई बर्फावरून चालत जाळीपर्यंत आल्या आणि तिच्या हेल्मेटच्या सळ्यांमधून आत बघू लागल्या.

"ज्यांना राहायचं नसतं त्या मुली अशा खेळत नाहीत," त्या म्हणाल्या.

"मी तसं म्हटलं नव्हतं," ती म्हणाली.

बाईंनी शिट्टी खिशात टाकली. मग त्यांनी तिला बाकावर नेलं आणि सांगितलं. सावकाश सांगितलं, काही वाक्यं दोनदा. नावं सांगायच्या आधी त्यांनी तिच्या घरी फोन केला होता, कारण मुलगी लहान, आई-वडिलांची संमती लागते. वडील बोलले. आधी फार खूश झाले. मग म्हणाले, तिला विचारून सांगतो. दुसऱ्या दिवशी त्यांनीच फोन केला आणि म्हणाले की तिची तयारी नाही, आणि हे सांगायला तिला अवघड वाटतंय म्हणून तिच्या वतीने मी सांगतो आहे. तिला याबद्दल काही विचारू नका, ती ओशाळेल. बाईंनी विचारलं होतं की नक्की ना. तर त्यांनी सांगितलं की ती दिवा लावून झोपते. सामन्याआधी तिला उलटी होते आणि ती कुणाला कळू देत नाही. इथे आल्यावर ती रोज रडत होती, आईचा पदर हवा म्हणत होती. "तुझ्याबद्दल ते इतकं बारीक बोलत होते," बाई म्हणाल्या, "की मला वाटलं तूच बोलते आहेस." आणि थोड्या वेळाने, जणू हेही सांगायला हवं म्हणून, "बोलताना ते रडले."

हे सगळं खरं होतं. तेच तर होतं. दिवा खरा होता. उलटी खरी होती, तिच्या संघातल्या एकाही मुलीला माहीत नव्हती, लांबडीलाही नाही. रिंकच्या मागच्या नळावर बाबा तिची पाठ चोळायचा, चूळ भरायला पाणी द्यायचा, आणि दोघंही काही झालंच नाही अशा चेहऱ्याने पुढे यायचे. ते त्या दोघांचं होतं. आणि रडणंही खरं होतं. शिबिराच्या पहिल्या आठवड्यात तिला काही गोड लागत नव्हतं, मुलींच्या बोलण्यातलं निम्मं कळत नव्हतं, बर्फही वेगळं वाटे, जास्त टणक. ती जिन्याखाली बसून बाबाला सांगायची, मला इथे करमत नाही, मला घेऊन जा, पण आईला सांगू नकोस, ती म्हणेल मी म्हटलं होतं ना. आणि बाबा म्हणायचा, नाही सांगत, तू फक्त उद्याचा दिवस काढ. तसे उद्याचे दिवस काढता काढता ती रमली. एके दिवशी तिच्या लक्षात आलं की आज फोनच केला नाही. मग केला तो घाईत, मागे मुली हसत होत्या, आणि बाबा विचारत होता दूध मिळतं का, झोप लागते का, आणि ती म्हणत होती, हो रे, ठेवते, बोलावतायत. त्याने ते ऐकलं असणार. त्या 'ठेवते'मधलं काय ते त्याने ऐकलं असणार. बाई तोवर उठल्या होत्या. जागा आता दिली गेली आहे, त्या म्हणाल्या, ती परत घेता येणार नाही, आणि घेऊही नये. मला तुला विचारायला हवं होतं. माझी चूक झाली. एवढं बोलून त्या उभ्याच राहिल्या, हात कुठे ठेवावेत हे न कळल्यासारख्या. एवढ्या मोठ्या बाईने आपली माफी मागावी आणि ज्याने मागायची त्याला अजून पत्ताही नाही, हे तिच्या अंगावर आल्यासारखं झालं.

संध्याकाळी तिने फोन केला. जिन्याखाली नाही, बाहेरच्या अंगणात, उभ्याने. बाबाने पहिल्या घंटेला उचलला. तिने इकडचं तिकडचं काही केलं नाही.

"बाबा, तू बाईंना काय सांगितलंस?"

पलीकडे दुकानातला पंखा ऐकू येत होता. कुणीतरी विचारत होतं, काचा तयार झाल्या का. बाबा त्या माणसाला म्हणाला, जरा बसा. मग तो दुकानाबाहेर आला असावा, कारण रस्त्याचा आवाज मोठा झाला.

"तूच म्हणाली होतीस ना," तो म्हणाला. "मला घेऊन जा म्हणून."

"ते पहिल्या आठवड्यात होतं."

"मला वाटलं, तू आता संकोचाने बोलत नाहीस. मला वाटलं, मनातून तुला…"

"तू विचारलंस का मला?"

त्यावर त्याने आपण तिला किती ओळखतो हे सांगायला सुरुवात केली. तो वाईट बोलत नव्हता, आवाजही चढवत नव्हता, नेहमीच्या समजावणीच्या सुरात बोलत होता, की वर्षभर एकटं राहणं म्हणजे खेळ नाही, आजारी पडली तर कोण आहे, शाळेची भाषा वेगळी, आणि आपल्याकडे काय वाईट चाललं होतं, अजून दोन वर्षांनी बघू की. तिने कान जरा दूर धरला. तिला वाटत होतं की त्याने एकदा तरी अडखळावं. कुठेतरी बोलता बोलता तुटावं. बाईंपाशी रडला म्हणे. मग इथे का नाही? तिच्या वाटचं रडणंही त्याने तिकडेच खर्च करून टाकलं होतं. आणि काल तिने रडत फोन केला तेव्हा त्याने ते ऐकून घेतलं होतं, शांतपणे, आणि तिची समजूत घातली होती. हे तिला इतर सगळ्यापेक्षा सोसेना. जागा गेली ती गेली. पण तिला नाकारलं गेलंय असं त्याने तिला मानू दिलं. आपण कमी पडलो असं तिला वाटू दिलं, आणि वर ठकी म्हणाला. केसाने गळा कापणं असं लोक म्हणतात तेव्हा कापणाऱ्याचा हात किती मऊ असतो ते कुणी सांगत नाही.

तिने म्हटलं, आईला दे. तो म्हणाला, आई घरी आहे, मी दुकानात. म्हणून तिने घरी फोन लावला. आईने सगळं ऐकलं, मध्ये एकदाही न तोडता, आणि हेच तिला नवीन होतं. मग आई म्हणाली की फोन आला तेव्हा मी तिथेच होते. मी म्हटलं होतं त्यांना, पोरीला विचारा, तिचं आयुष्य आहे. मला तो खेळ आवडत नाही, पण ती त्यात चांगली आहे हे काय मला दिसत नाही का? ते म्हणाले, मी बोलतो तिच्याशी. दुसऱ्या दिवशी म्हणाले, बोललो, ती नको म्हणते. मला नवल वाटलं, पण म्हटलं तुमच्या दोघांचं सगळं वेगळंच असतं, मी कोण मध्ये पडणार.

"मला एकदा विचारायचंस ना, आई," ती म्हणाली.

"तू तरी मला कधी काही सांगितलंस?" आई म्हणाली. त्यात टोमणा नव्हता. खरंच विचारत असावी तसं तिने विचारलं. अंगणापलीकडून कपडे वाळत घालणारी बाई बादली घेऊन गेली. आपल्या घराचा नकाशा आपण उलटा धरून एवढी वर्षं चालत होतो का, असं तिला वाटलं. मग तेही पुरतं खरं वाटेना. बाबाने पट्ट्यात घातलेले अंगठे खोटे नव्हते. ते खोटे असते तर किती सोपं झालं असतं. त्याने खरोखर माया केली होती आणि त्याच मायेच्या हाताने हे केलं होतं, आणि आता ती मायासुद्धा पहिल्यापासून पुन्हा तपासून पाहावी लागणार होती, एकेक दिवस, एकेक सामना, हा कुणासाठी होता, तिच्यासाठी की त्याच्या स्वतःसाठी. दुकान आणि घर, घर आणि दुकान, आणि मध्ये ती पहाट. गाडीतली ती पहाट गेली असती तर त्याच्याकडे काय उरलं असतं, हे तिला दिसत होतं. दिसत होतं म्हणून माफ करता येत होतं असं नव्हतं. उलट दिसत होतं म्हणूनच करता येत नव्हतं.

उरलेले दिवस ती नीट राहिली. लांबडीला तिने सांगितलं, उलट्यांसकट सगळं सांगितलं, आणि लांबडी म्हणाली, "बये, एवढंच? मला तर सामन्याआधी जुलाब होतात," आणि त्या दोघी उशीत तोंड खुपसून हसल्या. त्या हसण्यानंतर तिला जरा रडता आलं. शेवटच्या सराव-सामन्याच्या सकाळी वेणीवाली तिच्याजवळ आली आणि मोडक्या शब्दांत म्हणाली की मला वाईट वाटतं, तुझी जागा होती. वेणीवाली चांगली होती, पण चकती सुटण्याआधीच कुठल्यातरी बाजूला झुकायची आणि फसायची. तिने तिला बर्फावर नेलं आणि दाखवलं की मारणारीच्या डोळ्यांत बघू नकोस, डोळे खोटं बोलतात, खांदेही बोलतात, तिचा खालचा हात बघ, स्टिकवर खाली धरलेला, तो वळल्याशिवाय चकती जात नाही. हे बाबाने शोधलं होतं. आरशासमोर चष्मे लावून बघणारी माणसं मान डोलावून छान आहे म्हणतात, तेव्हा त्यांच्या हाताकडे बघायचं, नको असलेली फ्रेम हात आधीच खाली ठेवायला निघालेला असतो, असं त्याला दुकानात दिसलं आणि त्यावरून त्याने तिला हे शिकवलं, आणि बजावलं की ही आपल्या दोघांतली गोष्ट, कुणाला सांगायची नाही. तिने आजवर सांगितली नव्हती. आता तिने वेणीवालीला ती पुन्हा पुन्हा करून दाखवली, लांबडीला चकत्या मारायला लावल्या, आणि वेणीवाली थांबायला शिकली तेव्हा तिला मनापासून बरं वाटलं. सूड घेतल्यासारखं नाही. घरातलं जड सामान कुणालातरी देऊन टाकल्यावर वाटतं तसं. बाई कठड्याला टेकून बघत होत्या. निघताना त्यांनी तिला जवळ घेतलं नाही, फक्त म्हणाल्या की पुढच्या उन्हाळ्यात शिबिर आहे, तेव्हा मी तुलाच विचारेन. ती हो म्हणाली, मोठ्याने.

विमानतळावर बाबा एकटाच आला होता. भर दुपार होती. त्याने दाढी केली होती आणि इस्त्रीचा शर्ट घातला होता, पाहुण्यांना घ्यायला जावं तसा. गर्दीत तो तिला आधी दिसला, आणि त्याला ती दिसायच्या आधीचा त्याचा चेहरा तिने पाहिला. म्हातारा दिसत होता. लांबडीचे आई-वडील तिला मिठ्या मारत होते, हसत होते. बाबाने तिच्या हातातली मोठी पिशवी घेतली, पॅडची, आणि खांद्याला लावली. तिने लावू दिली. गाडीत तो आईबद्दल बोलला, दुकानाबद्दल बोलला, रिंकवाल्याने नवं यंत्र आणलंय म्हणाला, आता बर्फ बरं राहील. सिग्नलला गाडी थांबली. पुढच्या बसमधलं एक लहान मूल काचेला नाक चिकटवून त्यांच्याकडे बघत होतं. बाबाने समोर बघत, गिअरवर हात ठेवून, एकदम म्हटलं, "तू गेली असतीस तर परत आली नसतीस. मला ते दिसत होतं."

हे त्याने पहिल्यांदा खरं सांगितलं. तिला वाटलं होतं, खरं ऐकलं की आतलं काहीतरी सैल होईल. ती वाट बघत राहिली. काही झालं नाही. उन्हात शेजारच्या गाडीचा टप चकाकत होता. त्याला काहीतरी उत्तर हवं होतं, रागाचं का होईना. रागावलेल्या मुलीला कसं मनवायचं हे त्याला येत होतं, उभं आयुष्य येत होतं. तिला राग शोधूनही सापडेना. तिने फक्त जे मनात होतं ते सरळ म्हटलं.

"तुम्ही मला विचारायला हवं होतं."

बोलून झाल्यावर तिलाच ते ऐकू आलं. जन्मल्यापासून तिने त्याला अरे-तुरेच केलं होतं. शेजारी हसायचे, आई रागवायची, आणि बाबा म्हणायचा, असू दे, मला आवडतं. तिने मुद्दाम काही केलं नव्हतं. जीभ आपोआप वळली होती, दुकानात आलेलं एखादं गिऱ्हाईक बोलेल तशी. परत फिरवावा का तो शब्द, असं क्षणभर तिच्या मनात आलं. बाबा तिच्याकडे वळला. त्याचं तोंड थोडं उघडलं होतं, आणि ती नजर चुकवत नव्हती. सिग्नल सुटला. मागच्या गाड्या हॉर्न वाजवू लागल्या, एक, मग बऱ्याच, आणि तो तसाच बघत राहिला.

"चला ना," ती म्हणाली. "लोक खोळंबलेत."